ऐकू आल्याची साक्ष

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम धरलं, की किळस नावाची चीज पहिल्या महिन्यातच घराबाहेर काढून ठेवावी लागते. खुणाताईनं ती कधीच काढून ठेवली होती. किडलेल्या दाढेतला पू, रक्तानं भिजलेला कापूस, चूळ भरताना बाहेर आलेलं सकाळचं अर्धं जेवण, हे सगळं ती हातमोजे घालून उचलायची आणि थोड्या वेळानं त्याच हातांनी डबा उघडून निवांत जेवायला बसायची. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "तुला कशाचीच शिसारी येत नाही का गं?" ती म्हणायची, "घाण आहे ती घाणीसारखाच वास मारते. त्यात शिसारी कसली?"

तिला पोटातून ढवळून आलं ते भलत्याच ठिकाणी. एका संगीत महोत्सवात, भर दुपारी, स्वच्छ पांढऱ्या तंबूत, जिथं अत्तराचा वास येत होता आणि सगळे देवाचं नाव घेत होते.

खुणाताई हे तिचं खरं नाव नव्हे, पण चर्चच्या मंडळीत तिला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नसे. तिचे आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे. घरात बोलायचं म्हणजे हातांनी. तोंडातून पहिला शब्द फुटायच्या आधी ती बोटांनी दूध मागायची. जरा मोठी झाल्यावर ती रविवारच्या उपासनेत पाळकांच्या शेजारी उभी राहून त्यांचं प्रवचन पुढच्या बाकावरच्या बहिऱ्यांना खुणांनी सांगू लागली. लहान होती तेव्हा पाळक अर्धा तास बोलले, तर ही दोन खुणांत आटपायची. "चांगलं वागा म्हणतात." पुढचा बाक खूश असायचा. मोठेपणी मात्र ती एकेक शब्द नीट पोचवू लागली. वडील गेले, लग्न झालं, बसचालक नवरा मिळाला, आई तिच्याकडे राहायला आली. त्या पुढच्या बाकापाशी उभं राहणं काही सुटलं नाही.

त्याच बाकावर सुतारकाका बसायचे. वडील आणि ते एकाच कारखान्यात खुर्च्या करायचे. काका अगदीच ठार बहिरे नव्हते. उजव्या कानात यंत्र घातलं की त्यांना जाडजाड आवाज कळायचे: ट्रकचा भोंगा, दार आपटल्याचा, आणि मुख्य म्हणजे करवतीचा. माणसाचं बोलणं मात्र त्या यंत्रातूनही कधी कळलं नाही. काका म्हणायचे, "करवत ऐकू येते, बायको येत नाही. अजून काय पाहिजे?"

महोत्सव सुरू केला तिच्या मावसभावानं. मावशी इस्पितळात पाळ्यांची नोकरी करायची, त्यामुळं तो लहानपणी शाळेतून थेट यांच्याकडेच यायचा, यांच्यातच जेवायचा, आणि खुणाताईच्या आईनं डोळे वटारून शिकवलेल्या खुणा त्याला तिच्याइतक्याच यायच्या. मोठा झाल्यावर गिटार घेतली, मंडळीतली तरुण पोरं गोळा केली, आणि गावाबाहेरच्या मैदानावर वर्षातून एकदा तीन दिवस स्तुतिगीतांचा मेळा भरवू लागला. मोठा मंच, वेगवेगळ्या शहरांतले वाद्यवृंद, आणि बाजूच्या तंबूंतून सेवाकार्याची चर्चासत्रं: घरातली उपासना कशी करावी, मन खचलेल्यांसाठी गाणी कशी निवडावीत, वाजवणाऱ्यानं स्वतःचा मोठेपणा कसा आवरावा.

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. मंचापुढं लाकडी फळ्यांचा एक चौथरा होता, तो मावसभावानं खास बहिऱ्यांसाठी राखला. ते जोडे काढून त्यावर अनवाणी उभे राहायचे. ढोलाचा ठोका फळ्यांतून तळपायांत शिरायचा, पोटऱ्यांतून छातीत चढायचा. आई तर डोळे मिटून उभी राहायची आणि गाणं संपल्यावर उघडायची. चर्चासत्रांतही खुणाताईचा जीव रमायचा. एकदा एका म्हाताऱ्या गायनशिक्षिकेनं श्वास कसा धरावा आणि कसा सोडावा एवढंच दुपारभर शिकवलं, आणि सुतारकाका शेवटी म्हणाले, "हे गाणं मला येतं. आवाज तेवढा काढत नाही."

पण मेळा जसा फुगत गेला तसा त्याला वेगळाच वास येऊ लागला. पडदे आले, रंगीत दिवे आले, धूर सोडणारी यंत्रं आली. प्रार्थना सुरू झाली की मागं कीबोर्डवर कुणीतरी एक चिकट, गोड सूर धरून ठेवायचा, प्रार्थना संपेपर्यंत. रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा यायचा. खुणाताईला ते आवडायचं नाही, पण भावाचं काम, म्हणून ती मूग गिळून बसायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या वर्षी लांबून एक पाहुणे प्रचारक येणार होते. त्यांच्या चर्चासत्राचं नाव होतं 'स्तुती आणि आरोग्य'. सकाळीच त्यांच्याबरोबरची दोन हसतमुख माणसं चौथऱ्यापाशी आली. खुणाताईमार्फत त्यांनी सगळ्यांची मायेनं चौकशी केली. कुणाला अजिबात ऐकू येत नाही, कुणाला थोडं येतं, कानात यंत्र कुणाच्या आहे. ती समजली, बसायची सोय करताहेत. तिनंच सांगितलं, "काकांना जाड आवाज कळतात." त्यांनी काकांचा हात हातात घेऊन दाबला आणि त्यांना तंबूत सगळ्यात पुढं, मंचाला लागून जागा दिली.

दुपारी तंबू खचाखच भरला. पाहुणे आले ते अत्तराचा ढग घेऊनच. गालाला चिकटवलेला माईक इतका तोंडाजवळ, की ते गिळत तो आवंढाही सगळ्या तंबूला ऐकू यायचा. गाण्याबद्दल ते थोडंसंच बोलले. मग कीबोर्डचा चिकट सूर सुरू झाला आणि त्यांनी बोट काकांकडे केलं.

काकांना वाटलं, चौथऱ्याबद्दल आभार मानायला बोलावताहेत. ते आनंदानं वर गेले. खुणाताई बरोबर गेली. मंचाच्या कडेला मावसभाऊ उभा होता. पाहुण्यांनी काकांच्या कानांवर दोन्ही पंजे ठेवले, डोळे मिटून गदागदा हलवलं, आणि मग काय होतंय हे कळायच्या आत उजव्या कानातलं यंत्र उपटून वर धरलं. "याची आता गरज नाही," असं म्हणून त्यांनी ते मंचावर ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तंबू गरजला. पाहुणे काकांच्या मागं गेले आणि त्यांनी बुटाची टाच फळीवर जोरात आपटली.

काका वळले.

लोक उभे राहिले. कुणी रडायला लागलं, कुणी गुडघ्यांवर बसलं. पाहुणे खुणाताईला म्हणाले, "विचारा त्यांना. ऐकू आलं ना?"

तिनं विचारलं. काकांनी सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या हातांनी उत्तर दिलं, "नाही. फळी हलली. माझं यंत्र परत दे म्हणावं."

खुणाताईनं हातातल्या माईकवर जसंच्या तसं सांगितलं, "काका म्हणतात, ऐकू आलं नाही, फळी हलली, यंत्र परत द्या." पण तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. माईक बंद झाला होता. कीबोर्डवाल्यानं सूर चढवला, ढोल सुरू झाले, आणि पाहुणे त्यावर ओरडू लागले, "तो ऐकतोय, तो ऐकतोय."

तिनं मावसभावाकडं पाहिलं. त्यानं काकांचे हात वाचले होते. फळीची खूण, हलण्याची खूण, नाहीची खूण, तिच्या आईनं त्याला जेवताना शिकवलेल्या या खुणा. त्याची नजर क्षणभर तिच्या नजरेला भिडली. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि हवेत पंजे हलवले. बहिरे टाळ्या वाजवतात तशा. तिच्या घरच्या भाषेत.

तेव्हा तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. दवाखान्यात इतकी वर्षं काढून जे झालं नव्हतं ते तिथं झालं. तिनं दोन्ही हात खाली सोडले, काकांचा कोपर धरला आणि त्यांना घेऊन मंचावरून उतरली. पाहुणे मागून म्हणत होते, "बघा, आनंदानं त्यांना शब्द सुचत नाहीत."

यंत्र शोधायला ती तंबूच्या मागं गेली तोवर तो डबा मोठ्या पिंपात रिकामा झालेला. तिनं बाह्या वर केल्या. अर्धवट प्यायलेल्या कॉफीचे पेले, शेंबडानं भरलेले कागदी रुमाल, केळ्याच्या साली. यातल्या कशाचंही तिला काही वाटलं नाही. यंत्र तळाशी सापडलं, कुणीतरी चघळून टाकलेल्या च्युइंगमला चिकटलेलं. ती ते कागदानं पुसत असताना मावसभाऊ आला.

"ताई, असं मधूनच कशाला निघालीस? लोकांना कसंतरी वाटलं."

"तू वाचलंस," ती म्हणाली. "काका काय म्हणाले ते तू वाचलंस."

"माझ्या खुणा आता गंजल्यात गं."

"मग हात वर करून काय करत होतास? कपडे वाळत घालत होतास?"

तो थोडा वेळ बुटानं गवत खरडत राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आत पोरं रडताहेत, वाईट सवयी सोडायच्या शपथा घेताहेत. एका काकांच्या कानाचं इतकं काय घेऊन बसलीस? त्यातून कुणाचा विश्वास वाढला, तर देवाचं काय बिघडलं?"

"देवाचं मला माहीत नाही. तू जवळ उभा राहू नकोस, मला मळमळतंय."

तो मागं सरकला. तिनं यंत्र पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बारीक चिमट्यानं आणि कापसानं तिनं ते साफ केलं. चाललं, पण पूर्वीसारखं नाही. करवत आता घसा बसल्यासारखी ऐकू येते, असं काका म्हणाले. पुष्कळ दिवस, नवीन यंत्र येईपर्यंत, करवतीला हात लावायच्या आधी ते बायकोला ती चालू की बंद हे सांगायला बाजूला उभं करायचे.

इथंच संपलं असतं तर खुणाताई कानाला खडा लावून गप्प बसली असती. पण महोत्सवाची जी फिल्म निघाली, तिच्यात काका वळतात तो क्षण सगळ्यात शेवटी घातला होता, संथ गतीनं, मागं तोच सूर. खाली अक्षरं: 'बहिरा ऐकू लागला'. ती फिल्म मोबाइलवरून घरोघर गेली. ओळखीचे लोक रस्त्यात काकांना गाठून कानात बोलू लागले. काकांनी मान हलवली, की त्यांची तोंडं पडायची. एक बाई तर म्हणाल्या, "देवानं इतकं दिलं, ते असं परत करतात का?" काकांना ते कळलं नाही. खुणाताईला कळलं, आणि तिनं ते काकांना सांगितलं नाही. मोठेपणी पहिल्यांदाच तिनं एखादं वाक्य मधेच अडवलं.

मग एके दिवशी काकांचा मोबाइलवर निरोप आला. "लगेच ये. एक बाई रडतेय. का ते कळत नाही."

ती कारखान्यात पोचली तेव्हा लाकडाच्या भुशात एक तरुण बाई खाली बसली होती, शेजारी पाचएक वर्षांची मुलगी. मुलगी भुशाचे ढीग करून त्यावर बोटं फिरवत होती आणि कुणाच्याच बोलण्याला मान वर करत नव्हती. बाई दुसऱ्या शहरातून आली होती. फिल्म बघून. तिनं काकांना ओरडून ओरडून विचारलं होतं, तुम्ही प्रार्थना कशी केली, उपास केला का, किती केला. काका नुसते हात हलवत राहिले, म्हणून तिला रडू फुटलं होतं.

"हे तेच ना?" तिनं खुणाताईला विचारलं. "मग बोलत का नाहीत माझ्याशी?"

"तेच आहेत. त्यांना ऐकू येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं."

बाईनं मुलीच्या कानावरची बट मागं सारली. मग अगदी हळू म्हणाली, "मी हिच्या कानातली यंत्रं काढून ठेवली. शाळेतूनही काढलं. फिल्ममध्ये ते पाहुणे म्हणाले होते, विश्वास अर्धवट असला की काम होत नाही."

खुणाताईनं हे काकांना खुणांनी सांगितलं. काका मुलीकडं बघत राहिले. तिच्यासमोर उकिडवे बसले, भुशात बोटानं मांजर काढलं आणि मांजराची खूण करून दाखवली. मुलीनं तिसऱ्या खेपेला ती खूण केली. मग तिनं भुशात काहीतरी वेडंवाकडं काढलं आणि याची खूण काय, अशा नजरेनं काकांकडं पाहिलं. तिची आई हे बघत होती आणि तिचा हात तोंडावर होता.

काका उठले तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं. ते खुणाताईला म्हणाले, "रविवारी मला उभं राहायचंय."

रविवारी सूचना सांगायच्या वेळी काका पुढच्या बाकावरून उठून वळले. खुणाताई त्यांच्या बाजूला उभी राहिली. इतकी वर्षं ती आवाजाचे हात करत आली होती, त्या दिवशी हातांचा आवाज करायचा होता. माईक तिनं घेतलाच नाही.

"मला ऐकू येत नाही," काकांचे हात म्हणाले आणि तिच्या तोंडून निघालं. "त्या दिवशीही आलं नाही. फळी हलली म्हणून वळलो. माझं देवाशी भांडण नाही. माझं यंत्र ज्यानं डब्यात टाकलं त्याच्याशी आहे. करवत चालू आहे का बंद, हे मला त्या यंत्रानं कळतं. माझी बोटं गेली तर मी जेवू शकेन, पण बोलू शकणार नाही. आणि माझं तोंड दाखवून एका पोरीची शाळा सोडवली, त्याचं उत्तर मला कुणीतरी द्या."

मागच्या बाकावरून एकजण पुटपुटला, "विश्वास कमी पडला असेल."

काकांनी खुणाताईला विचारलं, काय म्हणाला. या वेळी तिनं काही अडवलं नाही, सांगून टाकलं. काका हसले. "माझा कमी पडला असेल. पण त्या तंबूत एवढी माणसं होती, त्यांतल्या एकाचाही पुरला नाही का?"

मावसभाऊ खिडकीपाशी बसला होता, तो बाहेरच्या झाडाकडं बघत होता. म्हातारे पाळक पायऱ्या उतरून आले. इतक्या वर्षांत त्यांना मोजून चार-पाच खुणा आल्या होत्या. त्यांनी छातीपाशी मूठ फिरवून माफीची खूण करायचा प्रयत्न केला आणि चुकून साबणाची केली. पुढचा बाक खदखदून हसला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी पाळकांची मूठ धरून ती नीट फिरवून दाखवली, आणि पाळकांनी खूण पुन्हा, बरोबर केली.

फिल्म आठवड्याभरात गुपचूप काढली गेली. कुणी माफी मागितली नाही, कुणी खुलासा केला नाही. पुढच्या वर्षी पाहुणे आले नाहीत, दुसरे आले, जरा कमी अत्तर लावणारे. चर्चासत्राचं नाव बदललं. बहिऱ्यांची रांग पुन्हा चौथऱ्यावर गेली. जाऊ नका म्हणून खुणाताईनं समजावून पाहिलं, तेव्हा काका म्हणाले, "भाषणं त्यांची असतील. ढोल आम्ही का सोडायचा?" ते नव्या यंत्राला रुमालात बांधून, खिशाला वरून टाचणी लावून गेले. ती गेली नाही. रविवारीही प्रार्थनेखाली कीबोर्डचा सूर सुरू झाला की तिच्या जिभेवर आंबट चव येते, आणि ती बहिऱ्यांकडं तोंड करून हात जरा जोरात हलवते.

मुलगी शाळेत परत गेली. तिची आई दर शनिवारी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला येते आणि रोग्यांच्या बाकावर बसून खुणा शिकते. तिची बोटं लाकडासारखी ताठ आहेत. पोरगी कंटाळून आईची बोटं स्वतःच वाकवून देते.

मावसभाऊ अधूनमधून खुणाताईच्या आईला भेटायला येतो. आईला सगळं माहीत आहे, तरी ती त्याला बसवते, चहा देते, बारीक झालास म्हणून दटावते. एकदा तो गेल्यावर खुणाताईनं त्याचा कप घासला, परत घासला, आणि आईपुढं आदळून विचारलं, "तू याला चहा कशी देतेस?"

आईनं सावकाश हात पुसले. "भाचा आहे," ती खुणांनी म्हणाली. "आणि खोटारडाही आहे. चहा भाच्याला दिला."

"मला दोघं वेगळे करता येत नाहीत."

"नको करूस," आई म्हणाली, आणि कप उचलून जागेवर ठेवला.